कोलचे रविवार

मंडळी, आज एका आकड्याची गोष्ट. १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. एकवीस अंकी. म्हणजे २ चा ६७ वा घात, उणे १.

फ्रान्समध्ये मर्सेन नावाचा एक धर्मगुरू होता. त्याने १६४४ साली एक यादी छापली. २५७ पर्यंतचे कुठले घात घेऊन १ वजा केला की मूळ संख्या मिळते, त्याची. मूळ म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून जिला कुणी भागत नाही ती. यादीत ६७ होता. पुरावा? काही नाही!

१८७६ साली ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की ही संख्या मूळ नाहीच. गंमत म्हणजे त्याला एकही अवयव सापडलेला नव्हता. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट फेल, पण लाइन नंबर नाही. असे बग ज्यांनी काढलेत त्यांना हे दुखणं कळेल.

मग ३१ ऑक्टोबर १९०३ ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन गणित संस्थेच्या सभेत कोलंबिया विद्यापीठाचे फ्रँक नेल्सन कोल उभे राहिले. एरिक टेंपल बेल सांगतो की ते एक शब्दही बोलले नाहीत. फळ्याच्या एका बाजूला २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. दोन्ही उत्तरं तीच. टाळ्या! किती वेळ लागला असं पुढे बेलने विचारलं, तर म्हणे तीन वर्षांचे सगळे रविवार. बेल गोष्टी रंगवून सांगायचा, तेव्हा थोडा मसाला धरून चाला. पण गुणाकार शंभर टक्के खरा.

गेल्या रविवारी मी लूप लिहिला. सेकंदाच्या आत उत्तर. आधी हसू आलं, मग जरा ओशाळलो. कारण लूपमधली अक्कल माझी नव्हतीच. या संख्येचा कुठलाही अवयव १३४ च्या पटीत १ मिळवूनच येतो, हे गणित शतकांपूर्वीचं. तरीही कोलचा लहान अवयव या रांगेत १४,४५,५८० वा आहे. मिनिटाला एक भागाकार धरला तर रात्रंदिवस हजार दिवस! रविवारी-रविवारी ते शक्यच नाही. म्हणजे कोल नुसते भागत बसले नव्हते. कुठले आकडे तपासायचेच नाहीत, हे ते आधी ठरवत होते. मी मात्र सगळे तपासले, कारण मशीन फुकट होतं.

असो. नंतर तो गुणाकार मी कागदावर केला. चाळीस मिनिटं लागली, आणि दोनदा हातचा चुकला. तुम्हीही करून बघा!