कोर्लईचे क्रियापद

रायगडच्या किनाऱ्यावर, कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लई वसले आहे. चौलच्या या परिसरात १५२१ मध्ये ठाण मांडलेले पोर्तुगीज १७४० मध्ये गेले. इथल्या ख्रिस्ती कुटुंबांत त्यांची भाषा मात्र निराळे रूप घेऊन राहिली. बोलणारे तिला 'नो लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात.

शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची चाल मराठी. कर्म आधी, क्रियापद शेवटी. 'खात आहे'मधल्या 'आहे'प्रमाणे साहाय्यक क्रियापदही अखेरीस. मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी तर या भाषेने 'उ'कारान्त असा वेगळा गणच घडवला. जे. क्लान्सी क्लेमेंट्स यांच्या १९९६ च्या ग्रंथात तिच्या जडणघडणीचा सविस्तर अभ्यास आहे. तरीही तिला 'मोडकी पोर्तुगीज' म्हणणे आम्हाला अन्यायाचे वाटते. मोडकळीतून नवे गण निघत नाहीत.

याहून कुतूहलाचे आहे सर्वनाम. आपले 'ला' मागून लागते, पोर्तुगीज 'पारा' पुढून. कोर्लईत तो सर्वनामाला चिकटून 'परमी', म्हणजे 'मला', झाला. (यातला 'मी' आपला नव्हे, पोर्तुगीजच.) क्रियापद वाक्याच्या टोकाला सरकले, हा चिमुकला शब्द जागचा हलला नाही.

इंग्रजीतही सर्वनाम असेच हट्टी. 'गिव्ह अप स्मोकिंग' चालते, 'गिव्ह अप इट' चालत नाही. 'इट' मध्येच बसते. आपल्या वर्गांत 'डिस्कस अबाउट' लाल शाईने खोडले जाते, त्यामागे उभे असलेले 'विषयी' कुणी पाहत नाही.

कोर्लईची भाषा बोलणारे आज हजाराच्या आसपास आहेत, आणि त्यांच्याभोवती सर्वत्र मराठी आहे.