ग्लासभर इतिहास

इतिहास म्हटला की लोकांना तलवारी, तह आणि सनावळ्या आठवतात. मला फालुदा आठवतो. याला कारण माझी सासुरवाडी. ती डहाणूची. तिथे उन्हाळ्यात जावयाला फालुदा मिळतो, मात्र तो करतानाही जावयाचेच मनगट कामी येते.

कॉर्नफ्लॉवर पाण्यात कालवून चकाकी येईपर्यंत घोटायचे, आणि गरम असतानाच सोऱ्यात भरून बर्फाच्या पाण्यात शेव पाडायची. ‘‘जावईबापू, दाबा जरा जोर लावून!’’ असे सासूबाई म्हणतात, कारण पीठ निवले की भीमालाही आटपत नाही. तोवर सबजा भिजून टपोरा होतो. मग तळाशी गुलाबाचे सरबत, त्यावर सबजा, शेव, आटवून गार केलेले दूध आणि डहाणूचा मान म्हणून चिकूचा गर.

आता या मंडळींची मूळ गावे विचारा. शेवेचे माहेर इराण. शिराझला तिचा अवतार अजून खातात, पण गोठवलेल्या साखरपाण्यात, लिंबू पिळून. दूध तिला आपल्याकडे भेटले. चिकू मध्य अमेरिकेकडचा. घोलवडला तो १८९८ साली लागला असे सांगतात, आणि २०१६ साली ‘डहाणू घोलवड चिकू’ म्हणून त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे जवळजवळ सव्वाशे वर्षे मुकाट्याने राहिले की डोमिसाइल मिळते! बर्फही परदेशी. १८३३ साली बोस्टनच्या तळ्यांतला बर्फ जहाजाने कलकत्त्याला उतरला, मागोमाग मुंबईला. जमशेटजी जीजीभाईंनी तेव्हा मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि यजमानांसकट सगळे सर्दीने शिंकत बसले, अशी गोष्ट सांगतात.

पण दुधाची खरी गोष्ट तलासरीची हद्द ओलांडली की लागते. पलीकडे गुजरातेत संजाण. इराणातून आलेल्या पारशांना तिथल्या जादी राण्याने काठोकाठ भरलेले दुधाचे भांडे पाठवले, म्हणजे ‘जागा नाही’. पारशांच्या दस्तुराने त्यात साखर विरघळवली, दूध सांडले नाही. गोष्ट गोड आहे, मात्र १५९९ च्या सुमारास लिहिलेल्या ‘किस्सा-ए-संजाण’मध्ये ती नाही. तिथे आहेत राजाच्या अटी : इथली भाषा बोला, बायकांनी इथला पेहराव करावा, हत्यारे खाली ठेवा, लग्ने संध्याकाळी लावा. पुढे संजाण पडले तेव्हा पवित्र अग्नी बहरोटच्या डोंगरावर बारा वर्षे जपला, असेही तो किस्सा सांगतो. तो डोंगर आपल्या डहाणू तालुक्यातलाच.

पाहुण्याने साखरेसारखे विरघळावे, हे यजमानाला सोयीचे असते. पण पारशी विरघळले कुठे? भाषा घेतली, अग्नी सोडला नाही. एकोणिसाव्या शतकापासून मागाहून आलेल्या इराण्यांनीही इथे वाड्या उभ्या केल्या, पण आपला नवरोज चुकवला नाही. साखरेपेक्षा फालुद्याची उपमा त्यांना बरी. शेव शेवच राहते, सबजा सबजाच, आणि दुधाचे काही बिघडत नाही.

एक प्रश्न मात्र उरतो. ही सगळी पाहुणे मंडळी ज्या जमिनीवर आली, तिथले वारली या गोष्टीत कुठे आहेत? भांडे कोणी पाठवले ते आख्यायिका सांगते. वाहून कोणी नेले ते सांगत नाही. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले. गोदावरी परुळेकर तिथे होत्या. यापुढे वेठ करायची नाही, लग्नाच्या कर्जापायी जन्मभर लग्नगडी राहायचे नाही, असे तिथे ठरले. त्याच ऑक्टोबरात पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. ज्यांच्याविरुद्ध हे चालले होते त्या जमीनदारांत पारशी-इराणी होते, तसेच आपल्यातलेही होते. तो हिशेब एकट्या पाहुण्यांच्या नावावर मांडून चालणार नाही.

आजही वाडीतला चिकू बहुतेक आदिवासी मजूरच उतरवतात. चीक हाताला चिकटतो तो त्यांच्या, गर पोचतो तो आपल्या ग्लासात.

म्हणून म्हणतो, फालुद्याला लांब दांड्याचाच चमचा घ्यावा. आखूड चमच्याने वरचे आइस्क्रीम तेवढे हाती लागते, आणि माणसाला वाटते की आपण फालुदा खाल्ला.