तंबूच्या भिंतीला खिळा नसतो

डिसेंबर १८६०. पहाटेचे चार वाजले असतील. सिकंदराबादजवळच्या बोलारमच्या माळावर अशी थंडी की दोराची गाठ सोडवताना बोटांना दोर कळत नाही. तुम्ही खलाशी आहात. तंबू उभारायचा, उतरवायचा, साहेबाचं सामान बांधायचं, हे तुमचं काम. निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या इंग्रजी फौजेची, म्हणजे हैदराबाद कंटिंजंटची पलटण आज हिंगोलीच्या छावणीकडे निघतेय. वाडीहून सिकंदराबादला रेल्वे यायला अजून चौदा वर्षं आहेत, आणि हिंगोलीच्या वाटेवर तर तिचा पत्ताच नाही. म्हणून बैल, उंट आणि तुमचे खांदे.

कंदील घेऊन तुम्ही आत शिरता. आत एक अख्खी खोली मांडलेली आहे. पलंग, लिहायचं टेबल, दोन खुर्च्या, तोंड धुवायचं तिपाई स्टँड, आणि कापडी भिंतीला लागून पाच खणांचं सागवानी कपाट. साहेब बाहेर चहा पितोय. तांबडं फुटायच्या आत हे सगळं गाड्यांवर चढलं पाहिजे.

कपाटापासून सुरुवात करा. कोपऱ्यांना पितळी पत्रे आहेत, पण त्यांच्यावरून हात फिरवला तर लाकूड कुठे संपलं आणि पितळ कुठे लागलं ते बोटांना समजत नाही. मुठीही लाकडात खोल बसवलेल्या. वर आलेलं काहीच नाही, त्यामुळे दोर कशात अडकत नाही आणि शेजारच्या पेटीला ओरखडा जात नाही. आता समोरच्या गड्याला खूण करा. दोघांनी दोन बाजूंच्या मुठी धरून वरचा भाग सरळ उचलायचा. कपाट मधोमध सुटतं! खालच्या अर्ध्याच्या माथ्यावर चार बुटके खुंट दिसतात. त्यांच्यावरच वरचा अर्धा बसला होता, म्हणून तो रात्रभर हलला नाही. खालचा भाग आडवा करा आणि पाय फिरवा. आट्यांचे पाय चार-पाच फेऱ्यांत हातात येतात. ते खालच्या खणात टाकायचे, म्हणजे हरवत नाहीत.

"हल्लू रे, हल्लू," समोरचा गडी म्हणतो. तो दख्खनी बोलतो, तुम्ही नांदेडकडची मराठी. पण त्याचं हल्लू आणि तुमचं हळू यांत समजावून सांगण्यासारखं काही नाही.

एक अर्धा उंटाच्या डाव्या कुशीला, दुसरा उजव्या. वजन दोन्हीकडे सारखं, म्हणून जनावराची पाठ सोलत नाही. हे कपाट घडवणाऱ्या सुताराने ना हा उंट पाहिला, ना तुम्हाला. तरी मूठ अशा जागी आहे की उचलताना तुमच्या कमरेला हिसका बसत नाही. आणि ज्याच्यासाठी ते घडवलं, त्या साहेबाने ते एकदाही उचललेलं नाही. हेही लक्षात ठेवायला हवं की याच फौजेच्या खर्चापायी सात वर्षांपूर्वी, १८५३ च्या तहात, निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. या पितळेच्या चकाकीची किंमत तिथल्या कापसानेही मोजली आहे.

पुढचे पंधरा-सोळा दिवस हेच. पहाटे सोडा, दुपारी जोडा. गोदावरीच्या उतारावर पाणी मांडीपर्यंत असतं, तेव्हा एकेक अर्धा डोक्यावर घेऊन पलीकडे जा. हिंगोलीत शेवटच्या दिवशी पाय पुन्हा पिळून बसवा, वरचा भाग खुंटांवर टेकवा आणि खण ओढून पाहा. तो पहिल्या दिवशीसारखाच सुळकन बाहेर येतो. सोळा वेळा सुटून सोळा वेळा जोडलेली वस्तू अशी वागते, यातच तिचं सगळं कसब आहे.

आता चाळीस वर्षं पुढे सरका. तिरुमलगिरीच्या छावणीत तुमच्या हातात कॅनव्हासची एक लांबट पिशवी देतात. आत काठ्या आणि पट्टे. चार कातीव पाय, ते जोडणारे आडवे दांडे, कापडाची बैठक, कापडाची पाठ, हातांऐवजी दोन चामडी पट्टे. ही रुरकी खुर्ची. रुरकीला सॅपर्स, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या पलटणीचं ठाणं होतं, त्या गावाचंच नाव हिला लागलं. दांड्याचं टोक निमुळतं, पायातलं भोकही निमुळतं. टोक भोकात दाबायचं, बस्स. सरस नाही, खिळा नाही. रिकामी असताना ती थोडी डगमगते आणि तुम्हाला वाटतं, ही मोडणार. पण माणूस बसला की त्याच्याच वजनाने कापड ताणतं, सांधे आवळतात, आणि प्रत्येक पाय आपापली जमीन शोधतो. इथली जमीन म्हणजे मुरूम आणि ग्रॅनाइटचे उंचवटे. चौकटीची पक्की खुर्ची इथे तीन पायांवर डुलते. ही चारही पाय टेकते. पुढे १९३३ मध्ये डेन्मार्कच्या कोरे क्लिंट यांनी हिच्यावरून आपली सफारी खुर्ची केली आणि ती जगभरच्या दिवाणखान्यांत गेली.

आता आजच्या हैदराबादेत या. काचीगुड्याचं जुनं घर सुटलंय. मियापूरला सातव्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट, करार अकरा महिन्यांचा. घरमालकाची पहिली अट: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. म्हणजे भिंतीत दुमडून जाणारा पलंग बाद. त्याचा सगळा भार भिंतीवर, आणि भिंत तुमची नाही. मागच्या खेपेला घेतलेलं भुश्याच्या फळ्यांचं कपाट एकदा सोडवलं, पुन्हा जोडलं. स्क्रूंनी भोकं रुंदावली आणि दार लोंबायला लागलं. भाड्याचं घर आणि तंबू यांची अडचण एकच आहे. दोन्हीकडे भिंतीचा आधार नाही आणि मुक्काम कायमचा नाही. आज जागा वाचवणारं म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं घडी घालायला शिकलंय, प्रवास करायला शिकलेलं नाही.

राहिलं आजोबांचं सागवानी कपाट. आजोबा विवेकवर्धिनी शाळेत शिकले, आणि त्यांची पुस्तकं साठ वर्षं याच कपाटात होती. नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ते मावत नाही. विकून टाका, सगळे सांगतात.

तुम्ही ते टेंपोत घालून फिरोजगुड्याच्या एका सुताराकडे नेता आणि म्हणता, मधोमध कापा. तो तुमच्याकडे बघत राहतो. मग टेप काढतो आणि विचारतो, लिफ्टचं दार किती? तुम्ही ते मोजून आणलंय. मधल्या फळीच्या वर पेन्सिलीची रेघ पडते. करवतीच्या पहिल्या ओढीबरोबर जुन्या सागाचा तेलकट वास सुटतो, आणि तुम्हाला क्षणभर दुकानाबाहेर जावंसं वाटतं. तुम्ही जात नाही. तो वरच्या अर्ध्याला नवा तळ लावतो, खालच्या अर्ध्याच्या माथ्यावर चार खुंट बसवतो, कोपरे पितळेने मढवतो. मुठी कुठे लावायच्या हे ठरवायला तो टेंपोवरच्या पोऱ्याला बोलावतो, कपाटाशी उभं करतो आणि त्याचे हात जिथे सहज पोचतात तिथे खुणा करतो.

संध्याकाळी मियापूरला लिफ्ट बंद आहे. वरचा अर्धा तो पोऱ्या आणि तुम्ही, दोघं मिळून जिन्याने नेता. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर कोपरा कठड्याला लागता लागता राहतो.

"हल्लू, अंकल, हल्लू."

तुम्ही मूठ घट्ट धरता आणि पुढची पायरी चढता.