ऑलिगोडेंड्रोसाइट : जनुकीय नियमन

मेंदू व मेरुरज्जूतील चेतातंतूंभोवती मायलिनचे मेदयुक्त आवरण गुंडाळणारी पेशी. ती चेतापेशी नसून आधारपेशी आहे. भ्रूणाच्या मेरुरज्जूत पोटाकडील बाजूने येणाऱ्या ‘सॉनिक हेजहॉग’ या संकेत-प्रथिनामुळे पूर्वज पेशींमध्ये ‘ऑलिग-२’ हे जनुक जागे होते. एकाच पट्ट्यातील या पेशींपासून आधी स्नायूंना चालना देणाऱ्या चेतापेशी आणि नंतर ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वगामी पेशी तयार होतात. ‘ऑलिग-२’ निकामी केलेल्या उंदरांच्या मेरुरज्जूत या दोन्ही पेशी आढळत नाहीत.

पूर्वगामी पेशी विभाजन पावत दूरवर पसरतात. त्या काळात ‘आयडी’ व ‘हेस-५’ यांसारखी प्रथिने त्यांची परिपक्वता रोखून धरतात. हे अडसर दूर करण्यात हिस्टोनवरील ॲसिटिल गट काढणारी विकरे आणि ‘मिआर-२१९’ हा सूक्ष्म आरएनए यांचा वाटा असतो. पुढे ‘सॉक्स-१०’च्या प्रभावाने ‘मर्फ’ हे जनुक कार्यरत होते. त्याचे प्रथिन आधी पेशीतील पटलात रुतलेले असते. तेथे ते स्वतःच स्वतःला छेदते आणि सुटलेला तुकडा केंद्रकात जाऊन मायलिनची जनुके चालू करतो.

शरीरातील इतर चेतातंतूंना मायलिन पुरवणाऱ्या श्वान पेशींमध्ये हे काम ‘क्रॉक्स-२०’कडे असते. मायलिन नष्ट होणाऱ्या मल्टिपल स्क्लेरॉसिस या रोगाच्या अनेक व्रणांत पूर्वगामी पेशी असूनही त्या परिपक्व होत नाहीत. म्हणूनच या नियमनाच्या अभ्यासाला वैद्यकीय महत्त्व आहे.