तालमीपासून अकॅडमीपर्यंत : भरतीची तयारी कुणाच्या जिवावर?

अग्निवीर भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारले तर ६० गुण, १० बीम मारले तर ४०. उरण-पनवेलच्या पोरांना हे आकडे तोंडपाठ आहेत. पण पूर्वी ही तयारी कोण करून घ्यायचं?

आपल्या द्रोणागिरीची आख्यायिका सगळ्यांना माहीत आहे. हनुमान पर्वत घेऊन जाताना त्याचा एक तुकडा इथे पडला म्हणतात. त्याच मारुतीच्या साक्षीने महाराष्ट्रात गावोगाव तालमी उभ्या राहिल्या. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला घडवलं. १९१४ साली अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं. जोर, बैठका, लाल माती. आखाडा गावाचा, वस्तादही गावाचाच.

सैन्याचं गणितही तेव्हा वेगळं होतं. मराठा रेजिमेंटचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. उंची, छाती, नजर बघून पोरगा घ्यायचे आणि त्याचं अंग कमवायचं काम पुढे केंद्रात व्हायचं. आपल्याच जिल्ह्यातले, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना धारातीर्थी पडले. वय अवघं २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पुढे उमेदवार वाढले आणि घड्याळाची चाळणी आली. आता पोरगा तयार होऊनच मैदानात यावा लागतो, म्हणजे तयारीचा खर्च घरच्यांवर. त्यातूनच अकॅडम्या वाढल्या. फी, राहणं, बूट, खुराक. २०२३ पासून सैन्याची लेखी परीक्षा आधी, म्हणून क्लासही लावायचा. एवढं करून नोकरी चार वर्षांची, त्यानंतर कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के.

घाईच्या तयारीची किंमतही आपण पाहिली आहे. जून २०१४ मध्ये मुंबई पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना तरुण पोरं दगावली. मग सरकारने अंतर ३ किलोमीटरवर आणलं. पण दोन महिन्यांत दम येत नाही, हे कुठलाही जुना वस्ताद सांगेल. वर्षभर हळूहळू वाढवावं लागतं आणि पायाखाली माती लागते. डांबरावर रोज धावलं की आधी नडगी धरते.

आणि माती आता कुठे आहे? इथली जमीन बंदराला गेली, सिडकोला गेली. त्या जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये पाच जण हुतात्मा झाले. त्याच गावांची नातवंडं आज कंटेनरच्या कडेने धावतात.

मागणी साधी आहे. द्रोणागिरीत ४०० मीटरची एक मातीची धावपट्टी द्या, चार फेऱ्यांत १६०० मीटर होतात. शेजारी बीम, लांब उडीचा खड्डा आणि पिण्याचं पाणी. शिकवायला आपल्या भागातले माजी सैनिक आहेत, त्यांना मानधन देऊन बोलवा. पोरींसाठीही ठरलेली वेळ ठेवा, त्याही भरतीला उतरतात.

पटलं तर आपल्या नगरसेवकाला, सरपंचाला हे पाठवा. तुमच्या गावात अशी मोकळी जागा उरली असेल तर खाली लिहा, यादी करूनच निवेदन देऊ.