हिराबागेपासून बेळगावच्या खेड्यांपर्यंत

बेळगावच्या चारी दिशांना मराठी खेडी आहेत. उत्तरेला कडोली, पूर्वेला विमानतळामुळे नाव ऐकू येणारे सांबरे, दक्षिणेला किल्ल्याच्या पायथ्याशी येळ्ळूर, पश्चिमेला वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर उचगाव आणि त्यापुढे चंदगडच्या हद्दीला टेकलेले कुद्रेमानी. या गावांत हिवाळ्यात मराठी साहित्य संमेलने भरतात. सुगी उरकलेली असते, उसाची तोड चालू असते, आणि एखाद्या रविवारी शाळेच्या पटांगणावर मांडव पडतो. यांतील कडोलीसारखी संमेलने १९८० च्या दशकापासून चालत आलेली आहेत. पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन चर्चेत यांचा उल्लेख झालाच तर 'सीमाभागातील बांधवांचे मराठीप्रेम' अशा एका कौतुकाच्या वाक्यात होतो आणि विषय संपतो. आम्हीही बरीच वर्षे त्याच वाक्यावर समाधान मानले होते. अशाच एका गावच्या संमेलनाला जाऊन आल्यावर मात्र संमेलन या संस्थेच्या इतिहासाकडे पुन्हा पाहणे भाग पडले. (गावाचे नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही करायची आहे.)

इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे असे समजले जाते, पण तो बहुधा अध्यक्षांच्या यादीपुरताच ठाऊक असतो. ११ मे १८७८ रोजी पुण्यात हिराबागेत जी सभा भरली, तिला साहित्य संमेलन हे नाव नव्हते. ती ग्रंथकारांची सभा होती. लोकहितवादी आणि न्यायमूर्ती रानडे यांनी तिच्यासाठी पुढाकार घेतला होता आणि रानडेच अध्यक्षस्थानी होते. सभेमागची चिंता अगदी व्यावहारिक होती. मराठीत पुस्तके तयार होत होती, पण ती घेणार कोण आणि वाचणार कोण? शाळाखाते घेईल तेवढीच क्रमिक पुस्तके खपत. त्यापलीकडचा वाचक अजून घडायचा होता. रानड्यांना या हिशेबाचा नाद आयुष्यभर पुरला. १८६७ च्या कायद्याने छापील पुस्तकांची सरकारदरबारी नोंद होऊ लागली, तिच्याच आधारे त्यांनी १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा इंग्रजीत लिहिला. कोणत्या विषयावर किती पुस्तके निघाली हे मोजत बसणारा न्यायाधीश आज आपल्याला काहीसा रुक्ष वाटेल. परंतु ग्रंथ आणि वाचक यांच्यातील अंतर हा मोजण्याजोगा प्रश्न आहे, हे त्याला कळले होते. नंतरच्या अनेक अध्यक्षांना ते कळल्याचे त्यांच्या भाषणांवरून दिसत नाही.

दुसरी सभा भरायला सात वर्षे लागली. २४ मे १८८५ रोजी पुण्यातच ती झाली, अध्यक्ष कृष्णशास्त्री राजवाडे. या सभेची आठवण आज तिथे झालेल्या भाषणांमुळे कोणी काढत नाही. जो माणूस आला नाही त्याच्या पत्रामुळे काढतात. रानड्यांचे निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेले होते. त्यांनी ते नाकारले, आणि त्यांचे उत्तर ११ जून १८८५ च्या 'ज्ञानोदया'त छापून आले. त्याचा आशय असा, की जे लोक इतरांचे माणूस म्हणून असलेले हक्क मोकळेपणाने मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभा आणि पुस्तके मेळ खात नाहीत. शूद्रातिशूद्रांनी काय सोसले, याचा पत्ता वरच्या ग्रंथकारांना नाही; तेव्हा आमची पुस्तके आम्हीच लिहू. फुल्यांचे 'गुलामगिरी' १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले होते, आणि 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी १८८३ मध्ये लिहून पुरा केला होता. म्हणजे 'आमची पुस्तके' ही केवळ धमकी नव्हती, ती पुस्तके होती.

या पत्राकडे सहसा एका थोर माणसाचा बाणेदार नकार म्हणून पाहिले जाते. आम्हाला त्यात आणखी काही दिसते. रानडे विचारत होते की पुस्तकांना वाचक कसे मिळतील. फुल्यांनी प्रश्न उलटा केला: ज्यांना तुम्ही वाचक करू पाहता, त्यांना ग्रंथकार मानायला तुम्ही तयार आहात का? एकोणिसाव्या शतकाने या प्रश्नाला उत्तर दिले नाही. त्यानंतर सभाच वीस वर्षे भरली नाही. १९०५ साली ती साताऱ्याला भरली, १९०६ साली पुण्याच्या संमेलनात महाराष्ट्र साहित्य परिषद जन्माला आली, आणि मग बडोदे, अकोला, इंदूर, ग्वाल्हेर असा संमेलनाचा प्रवास सुरू झाला. वाटेत कुठेतरी 'ग्रंथकार' हा शब्द गळाला आणि 'साहित्य' आले. सभा आता माणसांची राहिली नव्हती, एका अमूर्त वस्तूची झाली होती. व्यासपीठ उंच करण्याच्या दृष्टीने हे सोयीचेच झाले.

उंच व्यासपीठाची सावली कोणावर पडली हे सांगायला फार शोधावे लागत नाही. पहिल्या स्त्री अध्यक्षा कुसुमावती देशपांडे, १९६१, ग्वाल्हेर. म्हणजे हिराबागेनंतर त्र्याऐंशी वर्षांनी. २०२५ साली दिल्लीच्या अठ्ठ्याण्णवाव्या संमेलनाच्या अध्यक्षा तारा भवाळकर या सहाव्या. फुल्यांच्या प्रश्नाचे उत्तर तर संमेलनाबाहेरच शोधावे लागले. २ मार्च १९५८ रोजी दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि त्याचे उद्घाटन अण्णाभाऊ साठ्यांनी केले. १९९९ साली मुंबईत वसंत बापटांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय संमेलन भरले, तेव्हा त्याच शहरात धारावीला बाबूराव बागुलांच्या अध्यक्षतेखाली पहिले विद्रोही संमेलन झाले. विदर्भ साहित्य संघ (१९२३), मराठवाडा साहित्य परिषद, कोकण मराठी साहित्य परिषद (१९९१) यांच्या प्रादेशिक संमेलनांचा इतिहास इतका तीव्र नाही, पण त्यांच्या मुळाशीही थोडीशी हीच जाणीव आहे: पुण्याच्या निमंत्रणाची वाट किती पाहायची?

बेळगावच्या खेड्यांची गोष्ट या सगळ्यांहून निराळी आहे. बेळगाव शहरात मोठे मराठी संमेलन तीनदा झाले. १९२९ साली शि. म. परांजपे अध्यक्ष होते. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर, याच संमेलनात संयुक्त महाराष्ट्राची मागणी पुढे आली आणि वाङ्मयीन मांडवातून एक राजकीय चळवळ बाहेर पडली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. पुढे महाजन आयोग, त्याचा १९६७ चा अहवाल, महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, हे सारे वाचकांना माहीत आहे. २००० साली तिसऱ्यांदा संमेलन आले, तेव्हा अध्यक्ष य. दि. फडके होते, संयुक्त महाराष्ट्राच्या आणि सीमावादाच्या इतिहासाचे अभ्यासक म्हणून ही निवड अर्थपूर्ण होती.

पण १९२९ बद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण मराठी लेखनात ती सोयीस्करपणे राहून जाते. त्याच वर्षी त्याच बेळगावात कन्नड साहित्य संमेलनही भरले होते आणि त्याचे अध्यक्ष होते मास्ती वेंकटेश अय्यंगार. एका वर्षात, एका गावात, दोन भाषांची दोन संमेलने. मास्तींची मातृभाषा तमिळ. कन्नडातले थोर कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरी मराठी बोलली जाई, आणि त्यांनी मराठीतही लिहिले. त्या काळी भाषा ही हद्दीच्या दगडासारखी रोवलेली नव्हती. ती तशी रोवली गेली याचे खापर एकाच बाजूवर फोडणे आम्हाला जमणार नाही. मात्र रोवल्यानंतरचा जाच अल्पसंख्य ठरलेल्यांनाच अधिक झाला हेही खरे. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटले आणि गोळीबारात माणसे मेली. २०१४ साली येळ्ळुरात 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक काढला गेला, त्यावरून गावकऱ्यांवर लाठ्या चालल्या. २०२० च्या जानेवारीत खेड्यांतील संमेलनांच्या परवानगीचा प्रश्न वर्तमानपत्रांत गाजला. कथाकथनाला पोलिसांची परवानगी लागते, हे वाक्य आम्ही पुण्यात बसून कधी लिहिले नसते.

आता त्या रविवारविषयी. सकाळी ग्रंथदिंडी निघाली. पालखीत ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा आणि भारताचे संविधान. पुढे लेझीम खेळणाऱ्या मुली, मागे टाळकरी, त्यांच्यामागे डोक्यावर कळशी घेतलेल्या बायका. दारोदार सडा-रांगोळी होती आणि पालखी थांबेल तिथे सुवासिनी ग्रंथांना ओवाळीत होत्या. पुस्तकाची पूजा करणारा समाज पुस्तक वाचतोच असे नाही, हा आक्षेप आम्हाला पाठ आहे. आम्ही तो स्वतःही केलेला आहे. पण मांडवात पोहोचल्यावर तो आक्षेप निदान त्या दिवसापुरता लटका पडला. दुपारच्या कथाकथनाला बसायला जागा नव्हती. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव फिरून कथाकथनाची जी आवड रुजवली, ती शहरांत आता आठवणींच्या कार्यक्रमांपुरती उरली असेल. येथे ती जिवंत आहे. शेजारी बसलेल्या म्हातारबाबांनी आम्हाला हळूच विचारले, "तुमी लिवनारे काय वाचनारे?" वाचणारे, असे आम्ही म्हणालो. त्यावर त्यांनी सरकून सतरंजीवर जागा करून दिली. लिहिणारे म्हटले असते तर बहुधा समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवले असते.

जेवण सर्वांना होते, भात-आमटी आणि गोड शिरा, आणि ते गावच्या वर्गणीतून. येथे सरकारी अनुदानाची पंगत नाही. हिराबागेत ग्रंथकार वाचकांच्या शोधात जमले होते; येथे वाचक वर्गणी काढून ग्रंथकाराला बोलावतात. १८७८ चा व्यवहार शंभर-सव्वाशे वर्षांत पूर्ण उलटा झाला, आणि तो अशा ठिकाणी, जिथे त्या भाषेला राज्याचे पाठबळ नाही. रानड्यांना हा हिशेब पाहून आनंद झाला असता.

फुल्यांना झाला असता का, हे मात्र आम्हाला ठामपणे म्हणवत नाही. व्यासपीठावर पाहुणे सगळे घाटावरचे, म्हणजे पुण्या-कोल्हापुराकडचे. उद्घाटनाला दोन पुढारी. त्यांची भाषणे सीमाप्रश्नावर, साहित्यावर एक अक्षर नाही. कळशी घेतलेल्या बायकांपैकी एकही सभेत बोलली नाही. आणि नवोदितांचे कविसंमेलन ठेवले होते सर्वांत शेवटी. आधीची सत्रे लांबली, तेव्हा सूत्रसंचालकांनी प्रत्येकाला एकच कविता आणि तीही थोडक्यात, असे जाहीर केले. सत्तावीस नावे होती. अंधार पडू लागला होता, पाहुण्यांच्या गाड्या निघून गेल्या होत्या. ज्या मुलांसाठी मांडव आहे असे दिवसभर सांगितले गेले, त्यांना ऐकायला त्यांच्या आया आणि आमच्यासारखे दोन-चार चुकार उरले.

या मुलांचे काय होणार, हा प्रश्न वाङ्मयीन नाही असे कोणी म्हणू नये. यांतली कितीतरी कन्नड वा इंग्रजी माध्यमात शिकलेली. मराठी त्यांना घरातून, भजनातून आणि या मांडवातून मिळते. त्यांची बोली ना पुण्याची ना कोल्हापूरची. कन्नडशी शेकडो वर्षे शेजार केल्यामुळे तिच्या क्रियापदांना आणि हेलाला स्वतःचे वळण आहे. एका मुलीने धीटपणे त्याच बोलीत आईच्या शेतकामावर कविता वाचली. त्याआधीच्या दहा जणांनी पाठ्यपुस्तकी मराठीत मराठीचा अभिमान गायला होता. टाळ्या त्या दहांना जास्त पडल्या. अभिमानाची कविता लिहिली की बक्षीस मिळते, हे मुले लवकर शिकतात. ती शिकवण कोण देते, याचा आयोजकांनी विचार करावा, अशी आमची नम्र तक्रार आहे.

याच मुलखात निपाणीला महादेव मोरे होऊन गेले. २०२४ साली ते वारले. पिठाची गिरणी चालवीत, आणि तंबाखूच्या वखारीतल्या बाया, ड्रायव्हर, मेकॅनिक यांच्यावर त्यांनी आयुष्यभर कथा-कादंबऱ्या लिहिल्या. सीमाभागाच्या अभिमानाचे पोवाडे त्यांनी गायले नाहीत; सीमाभागात राहणाऱ्या माणसांविषयी लिहिले. त्या मांडवात दिवसभरात त्यांचे नाव आम्ही एकदाही ऐकले नाही. पुस्तकांच्या दालनातही त्यांचे काही नव्हते. शिवचरित्रे, स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शके, पाककृती आणि रणजित देसाईंच्या कादंबऱ्या होत्या. देसाई कोवाडचे, म्हणजे इथून जवळचेच, त्यामुळे त्यांचा खप चांगला असल्याचे विक्रेत्याने सांगितले.

आवराआवर सुरू असताना ती बोलीत लिहिणारी मुलगी त्या दालनापाशी उभी होती. आम्ही तिला मोऱ्यांविषयी सांगितले. पिठाच्या गिरणीचे ऐकून ती हसली, कारण तिच्या काकांचीही गिरणी आहे. मग तिने वहीच्या मागच्या पानावर नाव लिहून घेतले आणि विचारले, "त्यांनी आमच्यासारखंच लिहिलंय की शुद्ध?" आम्ही म्हटले, दोन्ही. तेवढ्यात मांडववाल्याने दिवे काढायला घेतले आणि तिची आई तिला हाका मारू लागली.