फ्यूजची तार आणि सत्तरी

सांगली व मिरज या दोन संस्थानी नगरांच्या दरम्यान वसलेल्या विश्रामबागेत १९१९ साली विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले, व १९५५ साली या दुसऱ्या संस्थेस वालचंदांचे नाव लाभले. तथापि विद्येच्या या परिसरात राहूनही फ्यूज बांधण्याची कला आम्ही शिकलो ती शेजाऱ्याच्या डुगडुगत्या स्टुलाचा पाय धरूनच. त्या काळच्या घरांत सागवानी पट्ट्यांवर पत्र्याच्या क्लिपांनी जखडलेल्या रबरी वेष्टनाच्या तारा, लाकडी गोल ठोकळे, बॅकेलाइटची काळी बटणे आणि चिनी मातीचे फ्यूज असत. फ्यूजमधील कथिलाचा मुलामा दिलेली बारीक तांब्याची तार अतिभाराने वितळे, आणि वितळणे हेच तिचे विहित कर्तव्य असल्यामुळे, तिच्या जागी जाड तार पिळणारा इसम, मग तो कितीही अनुभवी असो, घरास आग लावण्याचीच तजवीज करीत असे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमावलीतील ४५ व्या नियमाने दिवे, पंखे, फ्यूज व बटणे बदलण्याची मुभा ठेवून उर्वरित काम परवानाधारक ठेकेदाराकडे सोपविले. सरकारी दप्तरात इतका समंजसपणा क्वचितच आढळतो.

रबर सुकून तडकते, तसे गुडघेही. हल्ली मुख्य बटण बंद असल्याची दोनदा खातरजमा करून, चष्मा सावरीत, तेवढीच कायदेशीर मुभा बजावण्यास मी स्टुलावर चढतो, तोच नातू खालून म्हणतो, "आजोबा, उतरा; नुसता एमसीबी पडलाय."